धार राखावी लागते: वस्तऱ्याविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

सलूनमधला कारागीर आज जो वस्तरा हाती घेतो, त्यात साध्या ब्लेडचा अर्धा तुकडा बसवलेला असतो. गिऱ्हाईक उठले की तो तुकडा फेकला जातो. त्यामुळे खुर्चीच्या कडेला टांगलेल्या चामड्याच्या पट्ट्यावर वस्तरा परजण्याचा आवाज आजच्या तरुणांपैकी कित्येकांनी ऐकलेलाच नाही. दुसरीकडे, अखंड पोलादी पात्याचा जुना वस्तरा हौशी मंडळींच्या घरच्या आरशासमोर पुन्हा दिसू लागला आहे. कोणी आजोबांच्या पेटीतला गंजका वस्तरा बाहेर काढतो, कोणी जर्मनीहून नवा मागवतो. वस्तऱ्यामागोमाग ऐकीव सल्लेही येतात आणि त्यांतले बरेचसे चुकीचे असतात.

या चुकांच्या मुळाशी बहुतेक वेळा एकच समजूत सापडते: धार हा पात्याचा कायमचा गुण आहे, विकत घेताना तो पोलादाबरोबर येतो आणि पुढे वर्षानुवर्षे टिकतो. प्रत्यक्षात धार रोज बदलते. दाढी करताना थोडी जाते, ओलाव्याने थोडी जाते, पट्ट्यावर बरीचशी सावरते आणि दगडावर नव्याने घडते. शिकणाऱ्याला हाताच्या सफाईइतकेच हे चक्रही शिकावे लागते.

गैरसमज: हात जरा चुकला की गळा कापला जातो.

वस्तुस्थिती: या भीतीला कथा-सिनेमांनी भरपूर खतपाणी घातले आहे. लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवर गिऱ्हाइकांचे गळे कापणारा स्वीनी टॉड १८४६-४७ मध्ये क्रमशः छापलेल्या एका स्वस्त कादंबरीतून लोकांसमोर आला आणि मग रंगभूमी व पडद्यावर कायमचा राहिला. हिंदी सिनेमातल्या खलनायकानेही न्हाव्याची खुर्ची सोडली नाही. घरी शिकणाऱ्याच्या वाट्याला मात्र येतात त्या बारीक चिरा, आणि त्याही ठरावीक कारणांनी.

पाते धारेला काटकोनात, म्हणजे दाढी करण्याच्या दिशेने सरकले, तर त्वचेवरून घसरत जाते आणि केस कापते. तेच पाते धारेच्या लांबीच्या दिशेने, आडवे सरकले तर त्वचा कापते. टोमॅटोवर सुरी नुसती टेकवली तर साल तग धरते, पण किंचित ओढली की फाटते, तोच हा प्रकार. म्हणून पहिला नियम असा की वस्तरा गालावर टेकलेला असताना तो बाजूला सरकता कामा नये. दुसरा नियम कोनाचा. पाते आणि त्वचा यांच्यातला कोन साधारण ३० अंश असावा. पाते गालावर सपाट ठेवून त्याची पाठ थोडी उचलली की तो मिळतो. कोन वाढला की धार त्वचेत रुतते, कमी झाला की केस ओढले जातात. तिसरा नियम दाबाचा: वस्तऱ्याचे स्वतःचे वजन जवळजवळ पुरेसे असते.

दुसऱ्या हाताचे कामही तितकेच महत्त्वाचे. त्या हाताने त्वचा ताणून धरली नाही तर पात्यापुढे वळी येते आणि चीर बहुतेक त्या वळीवर पडते. सुरुवात कल्ल्याखालच्या सपाट गालापासून करावी आणि हात छोटे मारावेत. पहिले काही आठवडे फक्त दोन्ही गाल वस्तऱ्याने करून उरलेली दाढी नेहमीच्या रेझरने आटोपणे हा जुना आणि शहाणा मार्ग आहे. हनुवटी, ओठावरची जागा आणि गळ्याची घाटी सगळ्यात शेवटी घ्यावी. पहिला वस्तरा गोल टोकाचा आणि ५/८ इंच रुंदीचा घेतला तर कानाजवळ टोक टोचण्याचा धोका कमी होतो.

खरी मोठी इजा होते ती वेगळ्याच क्षणी. हातातून वस्तरा निसटतो आणि माणूस सवयीने तो हवेत झेलायला जातो. वस्तरा पडला तर पडू द्यावा, आपण पाय मागे घ्यावेत. पाते तुटले तर दुसरे आणता येते.

गैरसमज: शिकताना वस्तरा थोडा बोथट असलेला बरा.

वस्तुस्थिती: उलट आहे. धारदार पाते खुंट जागच्या जागी कापते. बोथट पाते खुंटाला आधी वाकवते, मग ओढते, आणि त्वचेला आग होऊ लागली की माणूस नकळत दाब वाढवतो. दाब वाढला की कोन बिघडतो. नवशिक्याच्या बहुतेक चिरांमागे हीच साखळी असते. हाताला वळण लावण्यासाठी मुद्दाम बोथट केलेला वस्तरा फुग्यावरच्या फेसावर फिरवून पाहायला हरकत नाही, पण चेहऱ्यावर यायचा तो चांगला परजलेलाच असला पाहिजे.

खुंट मऊ करणे हाही धारेला मदत करण्याचाच भाग आहे. केस पाणी शोषतो, फुगतो आणि भिजल्यावर त्याला कापायला बराच कमी जोर लागतो. कोमट पाण्याने दोन-तीन मिनिटे दाढी भिजवणे, मग ब्रशने साबणाचा दाट, ओला फेस चोळणे, एवढे केले नाही तर उत्तम वस्तराही ओढतो. फेस वाळू लागला की पुन्हा ब्रश फिरवावा. आंघोळीनंतर लगेच दाढी करणाऱ्यांना हा फायदा आयताच मिळतो.

गैरसमज: नवा कोरा वस्तरा डबीतून काढून थेट दाढीला चालतो.

वस्तुस्थिती: क्वचितच. कारखान्यातून येणाऱ्या अनेक वस्तऱ्यांची धार कागद कापण्याइतकी तयार असते, गाल गुळगुळीत करण्याइतकी नसते. विकणाऱ्याने हाताने दगडावर लावून दिली असेल तर गोष्ट वेगळी, म्हणून घेतानाच तसे विचारून घ्यावे. पहिल्याच दिवशी वस्तरा ओढू लागला की लोक स्वतःच्या हाताला दोष देतात. दोष बहुधा धारेत असतो.

अगदी स्वस्तात मिळणारे, वस्तऱ्यासारखे दिसणारे काही नमुने मात्र दगडावर कितीही लावले तरी सुधारत नाहीत. त्यांचे पोलाद मऊ असते किंवा पाते मुळात वाकडे असते. वस्तऱ्याला दोन गोष्टी लागतात: बारीक धार पेलणारे कठीण पोलाद आणि सरळ घडण. पहिलीचा पाया इंग्लंडमध्ये शेफील्डजवळ १७४० च्या दशकात बेंजामिन हंट्समनने घातला. बंद मुशीत वितळवून ओतलेले त्याचे एकजिनसी पोलाद घड्याळांच्या स्प्रिंगांसाठी हवे होते, पण वस्तरा करणाऱ्यांना ते वरदान ठरले. पात्याच्या दोन्ही बाजू आत कोरून ते पातळ करण्याची कला पुढे जर्मनीतल्या झोलिंगनमध्ये विशेष बहरली. आज त्या शहराचे नाव पात्यावर कोणी घालावे हेसुद्धा कायद्याने ठरलेले आहे.

आजोबांच्या पेटीतल्या वस्तऱ्याकडे म्हणूनच आशेने पाहायला हरकत नाही. पात्याच्या बाजूंवरचा काळसरपणा किंवा वरवरचा गंज साफ होतो. गंजाचे खड्डे थेट धारेपर्यंत पोचलेले असतील, पात्याला तडा असेल किंवा पूर्वीच्या कोणी पाठ झिजवून टाकलेली असेल, तर तो शोभेचाच.

गैरसमज: पट्ट्यावर परजणे म्हणजेच धार लावणे.

वस्तुस्थिती: सगळ्यात जास्त वस्तरे याच गोंधळात वाया जातात. दगड आणि पट्टा ही दोन वेगळी साधने आहेत आणि त्यांची कामेही वेगळी आहेत.

दगड म्हणजे निसणा. तो पोलाद खरवडून काढतो आणि धारेचा आकार घडवतो. पट्टा साध्या चामड्याचा असतो, तो धातू जवळजवळ काढतच नाही. दाढीत जराशी वाकलेली, खडबडीत झालेली धारेची अतिसूक्ष्म कड तो सरळ करतो आणि चकचकीत राखतो. म्हणून पट्टा प्रत्येक दाढीआधी लागतो. दगड मात्र वापराप्रमाणे काही महिन्यांनी, कधी त्याहूनही उशिरा. पट्ट्यावर नीट परजूनही वस्तरा ओढू लागला की दगडाची वेळ आली असे समजावे. झिजलेली धार पट्ट्यावर कितीही वेळ घासली तरी उगवत नाही, आणि तासलेली धार पट्ट्याविना रोज टिकत नाही.

दिशाही उलट आहे. दगडावर धार पुढे आणि पाठ मागे. पट्ट्यावर पाठ पुढे आणि धार मागे. पट्ट्यावर धार पुढे गेली तर चामडे कापले जाते आणि धारही जाते. पट्ट्याच्या टोकाला पोचल्यावर वस्तरा पाठीवर उलटायचा, धारेवर नाही. सिनेमात दिसणारी सपासप लगबग तरबेज माणसाला शोभते. शिकणाऱ्याने पट्टा ताठ धरावा, पाते सपाट ठेवावे, हात सावकाश न्यावा. वेगाने धार चढत नाही, पट्ट्याला चिरा मात्र पडतात. आधी कापडी पट्ट्यावर वीसेक फेऱ्या आणि मग चामड्यावर चाळीस-पन्नास, असा प्रघात आहे. फेऱ्या थोड्या कमी-जास्त झाल्याने काही बिघडत नाही, पट्टा सैल पडल्याने बिघडते. सैल पट्ट्यावर चामडे धारेभोवती वळते आणि कड गोल होते.

तळहातावर परजणारे जुने कारागीर अनेकांनी पाहिले आहेत. तेही खरेच आहे, कारण हाताची त्वचासुद्धा चामडेच. फक्त ते वर्षांच्या सरावाचे काम आहे.

आणखी एक घोटाळा हिरव्या पेस्टचा. क्रोमियम ऑक्साइडची ही पेस्ट लावलेला पट्टा साध्या पट्ट्यासारखा वागत नाही. तिचे कण अर्ध्या मायक्रॉनच्या आसपासचे असतात आणि ते पोलाद घासतात. म्हणजे तो दगडाचाच सौम्य अवतार झाला. महिन्या-दोन महिन्यांतून पाच-दहा फेऱ्यांना तो उपयोगी. रोज वापरला तर धारेची कड हळूहळू गोल होते. पेस्टचा पट्टा आणि रोजचा पट्टा वेगळे ठेवावेत.

गैरसमज: दगडावर योग्य कोन धरणे हे फक्त उस्तादांचे काम.

वस्तुस्थिती: सुरीच्या बाबतीत हे खरे आहे, वस्तऱ्याच्या बाबतीत नाही. सुरी दगडावर लावताना कोन हाताने सांभाळावा लागतो. वस्तऱ्याची पाठ मुद्दाम जाड ठेवलेली असते. पाते दगडावर सपाट ठेवले की पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी टेकतात, आणि कोन आपोआप ठरतो. धारेच्या दोन्ही बाजू मिळून तो साधारण १६ ते १८ अंश भरतो. पाठ उचलायची नाही, एवढेच हाताकडे उरते.

अवघड असते ते पुढचे. दगड पूर्ण सपाट हवा. मधोमध खोलगट झालेला दगड धार वाकडी करतो, म्हणून तो वेळोवेळी घासून सपाट करावा लागतो. हात हलका हवा, कारण पातळ पाते दाबाखाली वाकते. आणि पायऱ्या गाळता येत नाहीत. धार पूर्ण गेली असेल तर हजार नंबरच्या पाणी-दगडावर दोन्ही उतार टोकापासून मुळापर्यंत एका रेषेत मिळेपर्यंत काम करावे, मग चार-पाच हजार, मग आठ हजार, शेवटी बारा हजार. पहिल्या दगडावर उतार मिळाले नसतील तर पुढचे दगड फक्त चूक चकचकीत करतात. नुसती ताजी करायची असेल तर शेवटच्या दगडावरच्या थोड्या फेऱ्या भागवतात.

नैसर्गिक दगडांमध्ये बेल्जियममधल्या वील्साल्म परिसरातला पिवळसर कोटिकुल नावाजलेला आहे. त्यात गार्नेटचे अतिसूक्ष्म स्फटिक असतात आणि तेच पोलाद कापतात. पण दगड नैसर्गिक असला म्हणजेच धार चांगली, हीदेखील समजूतच. कृत्रिम दगडाचा कण ठरलेल्या मापाचा असतो, त्यामुळे शिकणाऱ्याला त्याचा अंदाज लवकर येतो.

गैरसमज: सायकलवरच्या धारवाल्याकडे दिला की पाच मिनिटांत काम होते.

वस्तुस्थिती: विळी, कात्री, सुऱ्या यांच्यासाठी फिरत्या चाकाचा धारवाला उत्तम. वस्तरा त्याच्याकडे देऊ नये. कोरडे, वेगाने फिरणारे खरखरीत चाक पातळ कड क्षणात तापवते. पोलादाला पाणी देऊन कठीण केल्यावर दोनशे अंश सेल्सिअसच्या आसपास पुन्हा तापवून त्याचा ठिसूळपणा घालवलेला असतो. कड त्याहून बरीच जास्त तापली की तिथला कठीणपणा उतरतो आणि पात्यावर निळसर झाक दिसू लागते. अशी मऊ झालेली कड धार घेते, पण धरत नाही. शिवाय चाकावर पाठीचा आधार सुटतो आणि वस्तऱ्याचा मूळ कोन कायमचा बिघडतो. तो सरळ करायचा म्हणजे बरेच पोलाद घालवावे लागते.

गैरसमज: अंगठ्याच्या नखावर घासून धार तपासावी.

वस्तुस्थिती: नखावर धार अडते की घसरते हे पाहण्याची पद्धत हजार नंबरच्या दगडानंतर ठीक आहे. शेवटच्या दगडानंतर तिने केलेली नासाडी आपल्याच नावावर लागते. ओल्या अंगठ्याच्या पेरावर हलकेच टेकवून धार ‘चिकटते’ का पाहणे, किंवा चिमटीत लोंबता केस धारेवर सोडून तो तुटतो का पाहणे, या परीक्षा कमी नुकसानीच्या आहेत. केसाची परीक्षाही केस कोणाचा आहे त्यावर बदलते. शेवटचा निकाल गालच देतो.

गैरसमज: केस पोलादापेक्षा कितीतरी मऊ, तेव्हा दाढीने धार जाणे शक्य नाही.

वस्तुस्थिती: हा प्रश्न खरोखरच विचार करण्यासारखा आहे आणि त्याचे नेमके उत्तर अलीकडचे आहे. केस ब्लेडच्या पोलादापेक्षा सुमारे पन्नास पट मऊ असतो. तरी ब्लेड बोथट होते, ते का? अमेरिकेतल्या एमआयटीमधले जियानलुका रोशोली, जेम ताशान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा शोध घेतला आणि ‘सायन्स’ या नियतकालिकात २०२० मध्ये तो मांडला. रोशोली स्वतः दाढी करून ब्लेडची कड इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहत. त्यांना दिसले की कड सावकाश गोल होण्याऐवजी तिचे बारीक टवके उडतात. पोलादाची अंतर्रचना सगळीकडे सारखी नसते, कुठे थोडी कठीण तर कुठे थोडी मऊ. केस वाकून तिरका आला आणि नेमका अशा सांध्यावर टेकला की ताण एका जागी साठतो आणि कपचा उडतो.

हा अभ्यास फेकायच्या ब्लेडवरचा आहे, वस्तऱ्याच्या कार्बन पोलादावरचा नाही. पण त्यातून मिळणारा धडा दोन्हीकडे लागू आहे: केस नीट भिजलेला असावा आणि कापताना तो वाकू नये. म्हणजे पुन्हा ताणलेली त्वचा, योग्य कोन आणि ओला फेस.

वस्तऱ्याच्या धारेचा दुसरा शत्रू घरातच असतो, तो म्हणजे ओलावा. जुन्या पद्धतीच्या वस्तऱ्याचे कार्बन पोलाद गंजते, आणि मायक्रॉनच्या अंशात मोजायची कड डोळ्यांना गंज दिसण्याच्या कितीतरी आधी खराब होते. कोकणात किंवा मुंबईच्या पावसाळ्यात बाथरूममधल्या कपाटात ठेवलेला वस्तरा दाढी न करताही बोथट होऊ शकतो. दाढी झाल्यावर पाते धुवावे, मऊ कापडाने पाठीकडून धारेकडे पुसावे, खिळीजवळचे पाणी टिपावे, थोडा वेळ उघडाच ठेवावा आणि मगच मिटावा. काही दिवस वापर नसेल तर शिलाई मशीनच्या तेलासारख्या हलक्या तेलाचा पातळ हात द्यावा. ओला वस्तरा मिटून चामड्याच्या किंवा प्लास्टिकच्या म्यानात कोंडणे हे गंजाला दिलेले आमंत्रणच.

गैरसमज: वस्तऱ्याला विश्रांती दिली की धार आपोआप परत येते.

वस्तुस्थिती: या समजुतीच्या बळावर पूर्वी सात वस्तऱ्यांच्या पेट्या विकल्या जात, पात्यांवर आठवड्याच्या वारांची नावे कोरलेली असत. पेटीचा फायदा खरा होता, कारण पाते पूर्ण वाळायला वेळ मिळे आणि झीज सात पात्यांत वाटली जाई. त्याचे श्रेय मात्र विश्रांतीला मिळाले.

याच विचाराचे टोक प्राग शहरात गाठले गेले. तिथले रेडिओ तंत्रज्ञ कारेल ड्रबाल यांनी कागदी पिरॅमिडखाली ठेवलेले ब्लेड धारदार राहते असा दावा करून १९४९ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला आणि १९५९ मध्ये त्यांना चेकोस्लोव्हाकियाचे पेटंट मिळालेही. पेटंट मिळणे म्हणजे दावा शास्त्राने मान्य करणे नव्हे. पिरॅमिडच्या आकाराने पोलादाची कड घडते असे मानायला काही आधार नाही. टॉवेलने पुसून ठेवणे पिरॅमिडपेक्षा स्वस्त पडते.

थोडक्यात आटोपण्याजोगे काही

*गरम पाण्यात बुडवला की धार वाढते.* वाढत नाही. पाते कोमट लागते, एवढेच. पाणी मात्र खिळीत शिरते आणि गंज धरतो.

*वस्तऱ्याने दाढी केली की केस दाट आणि राठ येतात.* मिल्ड्रेड ट्रॉटर यांनी १९२८ मध्येच मोजमाप करून हे खोडून काढले आणि १९७० मधल्या दुसऱ्या अभ्यासानेही तेच दाखवले. कापलेल्या केसाचे टोक बोथट असते, म्हणून खुंट राठ लागतात. मुळात काही बदलत नाही.

*उलटा हात मारल्याशिवाय दाढी झाली असे म्हणू नये.* केसांची दिशा आधी बोटांनी चाचपून घ्यावी. गळ्यावर ती अनेकदा आडवी किंवा वर जाणारी असते. सुलट्या हाताने दाढी पूर्ण जमेपर्यंत उलट्या हाताकडे वळूच नये. कुरळ्या दाढीच्या माणसाने तर मुळीच नाही, कारण फार खोल कापलेला कुरळा केस त्वचेतच वळतो आणि पुटकुळी होते.

*तुरटी फिरवली की जंतू मेले.* तुरटी बारीक चिरांचे रक्त थांबवते. तिला निर्जंतुकीकरण समजणे धोक्याचे आहे.

गैरसमज: घरातला वस्तरा घरातल्या सगळ्यांनी वापरायला हरकत नाही.

वस्तुस्थिती: हरकत आहे. दाढीत न दिसणाऱ्या चिराही पडतात आणि रक्ताचा न दिसणारा अंश पात्यावर राहतो. कावीळ ब चा विषाणू शरीराबाहेर निदान सात दिवस जिवंत राहू शकतो. सलूनमध्ये दर गिऱ्हाइकाला नवे अर्धे ब्लेड हा नियम याच धोक्यामुळे रुजला, आणि तो पाळला जातो की नाही हे पाहण्याचा हक्क गिऱ्हाइकाला आहे. नुसते डेटॉलच्या पाण्यात बुडवून पुसल्याने खात्री मिळत नाही. कार्बन पोलादाला ब्लीच सोसत नाही, उकळल्याने मूठ बिघडते. म्हणून अखंड पात्याच्या वस्तऱ्याचा साधा नियम असा: एक वस्तरा, एक माणूस. वडील आणि मुलगा दोघांना हौस असेल तर दोन घ्यावेत.

गैरसमज: पूर्वी घरोघरी पुरुष स्वतःच वस्तऱ्याने दाढी करत.

वस्तुस्थिती: महाराष्ट्राच्या गावगाड्यात तरी नाही. वस्तरा नाभिकाच्या धोकटीत असे. बारा बलुतेदारांपैकी तो एक होता आणि दाढी-डोक्याच्या बदल्यात त्याला सुगीला धान्याचे बलुते मिळे. धार राखण्याची विद्या म्हणूनच एका समाजाच्या हातात, बापाकडून लेकाकडे चालत आली. तो हात किती मोलाचा होता हे १८९० मध्ये दिसले. कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईत नाभिक एकत्र आले आणि विधवांचे केशवपन करणार नाही असे त्यांनी ठरवले. रूढी कोणाचीही असो, ती पार पाडणारा वस्तरा त्यांच्या हातात होता.

युरोपातही स्वतःची दाढी स्वतः करणे ही शिकवावी लागलेली गोष्ट होती. फ्रेंच सुरीकार ज्यां-जाक पेरे यांनी १७६९ मध्ये आपली दाढी आपण कशी करावी यावर एक आख्खे पुस्तक लिहिले. सुताराच्या रंध्यावरून सुचलेले लाकडी संरक्षक कवच घातलेला वस्तराही त्यांनीच आखला होता. त्यामुळे आजच्या शिकाऊ माणसाने ‘आजोबांना उपजत जमायचे, मला का जमत नाही’ असे मनाला लावून घेऊ नये. आजोबा बहुधा पाटावर बसून गाल पुढे करत.

गैरसमज: वस्तरा मागे पडला तो धोकादायक होता म्हणून.

वस्तुस्थिती: चिरा टाळणारे रेझर जिलेटच्या आधीही होते. न्यूयॉर्कच्या काम्फे बंधूंनी तसा रेझर १८८० मध्येच बाजारात आणला होता. पण त्याचे पातेही काढून परजावे लागे, दगडावर लावावे लागे. किंग कॅम्प जिलेट यांनी विकले ते वेगळेच होते: परजावे न लागणारे, बोथट झाले की फेकायचे पाते. इतक्या पातळ पोलादाला धार देता येणार नाही असे जाणकार म्हणत. १९०१ मध्ये कंपनी उभी राहिली आणि विल्यम निकर्सन या अभियंत्याने ते जमवले. १९०३ मध्ये, विक्रीच्या पहिल्या वर्षी, त्यांचे ५१ रेझर आणि १६८ ब्लेड खपली. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्याला त्यांनी सुमारे ३५ लाख रेझर पुरवले आणि एका पिढीची सवय बदलली. लोकांनी वस्तरा सोडला तो मुख्यतः धार राखण्याच्या रोजच्या कामातून सुटण्यासाठी.

म्हणून आज वस्तऱ्याकडे वळणाऱ्याने स्वतःला विचारायचा प्रश्न धाडसाचा नाही. साध्या दुहेरी धारेच्या रेझरनेही दाढी जवळजवळ तितकीच गुळगुळीत होते, आणि पाच मिनिटांत होते. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील, हात थरथरत असेल, चेहऱ्यावर मुरमे उठलेली असतील, तर तोच रेझर बरा. सलूनसारखा अर्ध्या ब्लेडचा वस्तरा घेऊन हाताला वळण लावता येते, पण त्याचे ब्लेड पातळ, ताठर आणि चूक माफ न करणारे असते, आणि धारेचे शास्त्र त्यातून शिकता येत नाही. अखंड पात्याचा वस्तरा त्याने घ्यावा, ज्याला दाढीआधी दोन मिनिटे पट्ट्याला आणि दाढीनंतर दोन मिनिटे कोरड्या फडक्याला द्यायला कंटाळा येत नाही. ही चार मिनिटे द्यायची नसतील, तर जिलेट यांनी सव्वाशे वर्षांपूर्वी काढलेला तोडगा अजूनही उत्तम आहे.